भागीचे घोडे

“भागीचे घोडे किवणाने मेले” असे आपल्याकडे म्हणतात. घोडे एकाचे असते तर खोगिराखाली पडलेले क्षत धन्याच्या नजरेस पहिल्याच दिवशी आले असते, आणि चिमूटभर हळदीने ते बरेही झाले असते. परंतु ते चौघांच्या भागीचे पडले. स्वारीचा दिवस ज्याला त्याला आठवला, खराऱ्याचा दिवस मात्र प्रत्येकास दुसऱ्याचा वाटला. आणि क्षतात किडे पडून उमदे जनावर प्राणास मुकले. ज्यांनी वाचनालय, व्यायामशाळा, देवस्थान किंवा सोसायटी यांपैकी एखाद्या संस्थेत चार वर्षे काढली आहेत, त्यांना या म्हणीचा अर्थ उलगडून सांगावयास नको. प्रश्न एवढाच आहे की, या म्हणीत मनुष्यस्वभावाचा अटळ नियम सांगितला आहे, की त्याच्या एका जुन्या खोडीची नोंद केली आहे? नियम असेल, तर चारचौघांनी मिळून काही करण्याचा नाद सोडून ज्याने त्याने आपापले तट्टू पाळावे हेच शहाणपण ठरेल. खोड असेल, तर ती कशाने जडते आणि कशाने सुटते हे पाहणे आपले कर्तव्य होईल.

या प्रश्नाचा विचार राज्यसंस्था, लोकसत्ता अशा भव्य उदाहरणांवरून करण्याचा प्रघात आहे. आम्ही तो पेठेतील सहकारी किराणा भांडारावरून करणार आहोत. मतपेटीपाशी मनुष्य पाच वर्षांतून एकदोनदा जातो. मीठमिरचीच्या दुकानात तो दिवसाआड जातो. मताची किंमत त्याला कळतेच असे नाही, तेलाची मात्र कळते. शिवाय किराणा ही अशी बाब आहे की, तिच्यात अर्थ आणि नीती ही दोन्ही एकाच तागडीत पडतात. वजन खरे की खोटे, माल निर्भेळ की मिसळीचा, ऐपतदाराला एक भाव आणि गरिबाला दुसरा का, नडलेल्याला किती दिवस थांबावे, या प्रश्नांची उत्तरे तेथे ग्रंथांतून शोधावी लागत नाहीत. ती रोजच्या रोज पुडीत बांधून हाती येतात.

आमच्या डोळ्यांपुढे गाव आहे ते बोदवड. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील, काळ्या जमिनीचे आणि कापसाच्या व्यापाराचे हे गाव. 1906 मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले तेव्हा ते पूर्व खानदेशात आले. आज तो जळगाव जिल्हा होय. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला पूर्वी कधी न पाहिलेला भाव आला. पाठोपाठ 1867 मध्ये आगगाडी नागपूरपर्यंत गेली. तेजी लवकरच ओसरली, परंतु कापूस राहिला, आणि कापसाबरोबर वर्षातून एकदाच पैसा येण्याची रीतही राहिली. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत वेचणी चालते. त्या दिवसांत घरात चार पैसे खुळखुळतात. आखाजीला माहेरवाशिणी येतात त्या सुमारास हात आखडू लागतो, पेरणीत तो रिकामा होतो, आणि श्रावण-भाद्रपदात शेत हिरवेगार असताना डबे मात्र तळाला गेलेले असतात. 1972 पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हाही चुकारे हप्त्याहप्त्यांनी येत. पोटाला हंगाम कळत नाही, हप्ताही कळत नाही.

पीक वर्षाचे आणि भूक रोजची, या दोहोंमधील दरी ज्याने पिढ्यान्‌पिढ्या भरून काढली तो पेठेतला किराणा दुकानदार. आपल्या कथाकादंबऱ्यांतून त्याचे जे चित्र रंगविले जाते ते बरेच एकांगी आहे, असे आमचे मत आहे. ज्याच्या घरी धान्य संपले आहे त्याच्या पोराला तो रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही. लग्नाचे सामान तो दिवाळीच्या बोलीवर देतो. मयताचे सामान तर पैशाचा शब्द न काढता बांधून देतो. कोणाच्या घरी काय शिजते, कोणाचे आजारपण चालले आहे, कोणाचा कापूस भिजला, हे त्याला गावातील पुढाऱ्यांपेक्षा अधिक ठाऊक असते. एवढे सगळे खरे असूनही आपल्याच लोकांनी दुसरी एक म्हण करून ठेवली आहे: “उधारीचे पोते, सव्वा हात रिते.”

या म्हणीत दुकानदाराच्या लबाडीपेक्षा गिऱ्हाइकाच्या अवस्थेचे वर्णन अधिक आहे. दुकानदार सचोटीचा असू शकतो, आणि पुष्कळ असतात. परंतु ज्याचे आपण देणे लागतो त्याच्या तागडीकडे आपल्याला रोखून पाहता येत नाही. धडा बरोबर केला आहे काय, डाळीत खडे का आहेत, परवाच्या साखरेला आज हा भाव कसा, हे विचारण्याचा धीर रोखीने घेणाऱ्याला असतो. ज्याचे नाव खतावणीत आहे तो पुडी घेऊन निमूट चालू लागतो. पोते भरलेले असेलही. पण ते उतरवून मोजण्याचा अधिकार उधारीत गहाण पडलेला असतो. उपकाराला व्याज लागते ते पैशांतच लागते असे नाही. ते पुष्कळदा मानेच्या वाकण्यात वसूल होते, आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही.

1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आणि पुढे पुणे व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील अनेक गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला. इतिहासकारांनी त्यातील एक गोष्ट विशेष नोंदली आहे. जमावाचा रोख माणसांच्या जिवावर फारसा नव्हता. तो खतांवर आणि वह्यांवर होता. कागद मिळाले की ते जाळावयाचे आणि पांगावयाचे, असाच प्रकार बहुतेक ठिकाणी घडला. शेतकऱ्याला आपले दैव त्या कागदांत बंदिस्त झालेले दिसत होते, आणि ते कागद त्याला वाचता येत नव्हते. 1879 मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण वही जाळल्याने वहीची गरज जळत नाही, हे लौकरच दिसून आले. पुढल्या पेरणीला बियाणे कोठून आणावयाचे हा प्रश्न राखेतून जसाच्या तसा वर आला. वही जाळण्याहून दुसरा एक उपाय आहे: जिच्यात आपले नाव आहे ती वही आपल्याला उघडून पाहता आली पाहिजे, आणि ती लिहिणारा आपण नेमलेला असला पाहिजे. सहकाराचे सारे तत्त्व एवढ्यात येते. 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा याच मार्गावरील पाऊल होते. 1912 च्या कायद्याने पतपेढीखेरीज इतर प्रकारच्या सहकारी संस्थांनाही जागा करून दिली. 1925 मध्ये मुंबई इलाख्याचा आणि 1960 मध्ये महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा झाला.

दुकानाच्या बाबतीत हे तत्त्व प्रथम नीट चालवून दाखविले ते इंग्लंडातील रॉचडेल या गिरणगावातील मंडळींनी. 21 डिसेंबर 1844 रोजी त्यांनी अठ्ठावीस पौंडांच्या भांडवलावर टोड लेन या गल्लीत दुकान उघडले. विकावयास लोणी, साखर, पीठ अशा मोजक्या जिनसा होत्या. त्यापूर्वीही असे प्रयत्न झाले होते आणि बुडाले होते. रॉचडेलकरांचे वैशिष्ट्य त्यांच्या नियमांत होते. भाग कितीही असोत, मत एकाला एकच. माल निर्भेळ आणि माप पुरे. विक्री बाजारभावाने आणि नफ्याची वाटणी भागांच्या नव्हे तर खरेदीच्या प्रमाणात. पुढे त्यांनी नफ्यातील शेकडा अडीच भाग सभासदांच्या शिक्षणासाठी काढून ठेवण्यास आरंभ केला. आणि सर्वांत कडक नियम हा की, उधारी कोणासही नाही. ज्या गरीब विणकरांनी उधारीचे चटके सर्वांत अधिक सोसले होते त्यांनीच आपल्या दुकानातून उधारीला हद्दपार करावे, यात मोठा अर्थ आहे. आपल्याच तागडीकडे रोखून पाहण्याचा अधिकार त्यांना हवा होता, आणि त्याची किंमत रोख मोजावी लागते हे त्यांनी ओळखले होते.

आपल्या देशात 1904 मध्येच मद्रासेतील त्रिप्लिकेन भागातील गृहस्थांनी याच धर्तीवर संस्था काढली, आणि ती देशातील अशा संस्थांची अग्रणी ठरली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्याचे दुर्भिक्ष झाले, 1943 मध्ये मुंबईत नियंत्रित वाटप सुरू झाले, आणि सहकारी भांडारांचे गावोगाव पीक आले. नियंत्रण सैल होताच त्यांतील पुष्कळशी जशी उगवली तशीच वाळून गेली. मुंबईच्या गिरणगावात, नायगाव येथे, कामगारांनी 1948 मध्ये जे भांडार काढले ते मात्र टिकले आणि अपना बाजार या नावाने वाढले. 1962 च्या चिनी आक्रमणानंतर महागाईला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने ग्राहक भांडारांची मोठी योजना हाती घेतली. 1966 मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले त्या वर्षी दिल्लीत सुपर बाजार उघडला. 2002 मध्ये तो बंद पडला. लोकांनी गरजेपोटी उभारलेले आणि सरकारने सोयीसाठी उभारलेले, असे दोन प्रकार या इतिहासात स्पष्ट दिसतात. दुसऱ्या प्रकारातील दुकानाला भागीदार असतात पण धनी नसतो, आणि ते घोडे आमच्या म्हणीतील घोड्याच्या वाटेने लौकर जाते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. रॉचडेलच्या कामकऱ्याला आठवड्याची मजुरी मिळे. त्रिप्लिकेनच्या गृहस्थाला आणि नायगावच्या गिरणी कामगाराला महिन्याचा पगार मिळे. ज्यांच्या हाती थोडा का होईना पण ठरलेल्या दिवशी पैसा येतो, त्यांच्यामध्ये रोखीचा नियम जन्मला आणि रुजला. बोदवडच्या पेठेत हा नियम आणून ठेवला तेव्हा तो अशा लोकांमध्ये येऊन पडला की ज्यांचा पगार झाडावर पिकतो आणि वर्षातून एकदा वेचला जातो. सहकाराच्या पुष्कळ पुस्तकांत आम्हांस नियमांची स्तुती वाचावयास मिळाली. ते नियम कोणत्या खिशाला बेतून शिवले आहेत याची चर्चा क्वचितच आढळली.

खानदेशातील लहान गावांतून आमच्या बालपणी, म्हणजे 1972 च्या दुष्काळानंतरच्या दिवसांत, जी भांडारे आम्ही पाहिली त्यांची रूपे सारखीच होती. लाकडी फळ्यांचे दार, भिंतीला टेकलेल्या पोत्यांची रांग, गुळाची ढेप आणि तिच्यावर घोंघावणाऱ्या माश्या, रॉकेलचे पिंप, आणि दर्शनी भागी काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेले भाव. त्या फळ्याचे आम्हांस त्या वयातही मोठे कौतुक वाटे. खासगी दुकानात भाव दुकानदाराच्या जिभेवर असे, आणि समोर कोण उभा आहे ते पाहून जीभ वळे. येथे तो फळ्यावर असे. पाटलाचा गडी, मास्तरांची पत्नी आणि पाच वर्षांचे पोर यांना शेंगदाण्याचे तेल एकाच भावाने आणि एकाच मापाने मिळे. लहान मुलाला दुकानात पाठवावयास आई कचरत नाही, ही त्या दुकानाची खरी पत. फळ्यावर लिहिलेला भाव ही लहान गोष्ट नव्हे. कायद्यापुढे सर्व समान हे तत्त्व आमच्यापैकी पुष्कळांनी प्रथम तेथे डोळ्यांनी पाहिले, पाठ्यपुस्तकातून ते नंतर वाचले.

अशाच एका भांडारात पाहिलेला एक प्रसंग आम्हांस अजून विचारात पाडतो. भाद्रपदाचे दिवस होते. दुसऱ्याच्या शेतात निंदणीला जाणारी एक विधवा पदराआड रिकामी पिशवी धरून उभी होती. ती सभासद होती. तिच्या नवऱ्याच्या नावचा भाग तिच्या नावे झालेला होता. पावसाने आठवडाभर काम नव्हते. तिने दोन किलो ज्वारी आणि थोडे तेल उधार मागितले. व्यवस्थापक हा भला मनुष्य होता. तो खाली पाहून म्हणाला, “मावशी, दुकान माझे असते तर दिले असते. ते सगळ्यांचे आहे, मी कसा देऊ?” बाई काही न बोलता पायऱ्या उतरली आणि समोरच्या खासगी दुकानात गेली. तेथे तिला ज्वारी मिळाली, तेलही मिळाले. भाव किती लागला असेल हे सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या दुकानाची ती मालकीण होती त्याने तिला परत पाठविले, आणि ज्या दुकानात ती ऋणको होती त्याने तिची चूल पेटविली.

हा प्रसंग ऐकून पुष्कळ वाचक व्यवस्थापकास दोष देतील. आम्ही तसा देऊ शकत नाही. परंपरा सांगते की, देहूच्या तुकोबांनी, जे स्वतः वाण्याच्या कुळातले आणि सावकारीच्या घरातले, लोकांकडील येण्याची खते इंद्रायणीत बुडविली. ही कथा आपण वैराग्याचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि तिच्यातील एक बारीक तपशील विसरतो. बुडविण्यापूर्वी त्यांनी खतांची वाटणी केली. धाकट्या भावाच्या वाट्याची खते त्याच्या हाती दिली, आणि फक्त आपल्या वाट्याची पाण्यात सोडली. दया करावयाची ती आपल्या वाट्यातून, भावाच्या वाट्यातून नव्हे, हा न्याय त्या परम दयाळू पुरुषालाही मोडावासा वाटला नाही. व्यवस्थापकाच्या हाती जी ज्वारी होती तिच्यात शेकडो भावांचे वाटे होते, आणि त्या भावांत त्या विधवेसारखे पुष्कळ होते. समाईक पैशातून मनाला येईल तशी दया करणे सोपे असते, कारण तिची झळ देणाऱ्याला लागत नाही. अशी दया आज विधवेवर होते, उद्या मेहुण्यावर होते, आणि परवा अध्यक्षांच्या चिरंजिवांवर होते.

अशा भांडारांच्या पडत्या काळात नेमके हेच घडताना दिसते. रोखीचा नियम मोडतो, पण तो खालच्या बाजूने मोडत नाही. ज्यांना नाही म्हणण्याचा व्यवस्थापकास धीर होत नाही, त्यांच्या नावे सणाचे सामान “पुढे पाठवून देतो” या बोलीवर जाते, आणि येणे बाकीच्या रकान्यात ती नावे वर्षानुवर्षे सन्मानाने नांदतात. नियम गरिबाला आडवा येतो आणि मातबराला वाट देतो. मग सामान्य सभासदाच्या मनात जे येते ते त्याने शब्दांत मांडले नाही तरी त्याच्या पावलांत दिसते. तो नियंत्रित साखरेपुरता भांडारात येतो, आणि बाकीचे सामान समोरून घेतो. दुकान आपले आहे हे त्याला साखरेच्या रांगेत आठवते. हळद, जिरे, चहा घेताना आठवत नाही. परंतु दुकान चालते ते हळद, जिरे आणि चहा यांवर. नियंत्रित साखरेत हमालीही सुटण्याची मारामार असते.

मग विधवेच्या प्रश्नाला उत्तर काय? आमच्या मते ते व्यवस्थापकाच्या हृदयात शोधावयाचे नाही, सभासदांच्या नियमावलीत शोधावयाचे आहे. ज्यांनी रोखीचा नियम घेतला त्यांनी त्याच्या शेजारी दुसरा एक नियम लिहावयास पाहिजे होता: वर्षाच्या नफ्यातून अमुक एक रक्कम अडीअडचणीसाठी वेगळी राहील, ज्या सभासदाचे उत्पन्न हंगामी आहे त्याला पावसाळ्याच्या महिन्यांत ठरलेल्या मर्यादेपर्यंत माल मिळेल, आणि तो मिळणे हा त्याचा हक्क असेल. रॉचडेलकरांना नफ्याचा भाग शिक्षणासाठी काढणे सुचले, कारण त्यांच्या गावाची भूक ती होती. आमच्या गावाची भूक भाद्रपदातली होती. नियम दुसऱ्यांचे घेतले याला आमची हरकत नाही. घेताना आपले पंचांग उघडून पाहिले नाही याला आहे. आणि ते का पाहिले गेले नाही, याचे कारणही उघड आहे. नियम लिहावयास जी मंडळी बसतात ती शिक्षक, वकील, कारकून अशी, म्हणजे आमच्याच वर्गातली, पहिल्या तारखेला पगार घेणारी असतात. ज्याला भाद्रपद कधी लागला नाही त्याने केलेला नियम कितीही शुद्ध असला तरी त्यात भाद्रपद येत नाही.

दया आणि न्याय यांत विरोध आहे असे जे समजले जाते ते अशा वेळी तपासून पाहावे. दुकानदाराची दया खरी असते, पण ती त्याच्या मर्जीची असते. म्हणून घेणाऱ्याची मान खाली जाते. भांडाराचा न्याय खरा असतो, पण त्यात नडलेल्याला जागा नसते. म्हणून घेणारा पाठ फिरवितो. जी दया सर्वांनी मिळून, आधी, उघडपणे आणि मर्यादा आखून ठरविली आहे ती घेताना कोणालाही लाज वाटण्याचे कारण नाही, कारण आज घेणाऱ्याने ती काल स्वतःच मंजूर केलेली असते. अशी दया हा न्यायाचाच एक प्रकार होय. व्यवस्थापकाला तेव्हा “मी कसा देऊ” असे म्हणावे लागत नाही, आणि अध्यक्षांच्या चिरंजिवांना मात्र “तुमची मर्यादा संपली” असे सांगता येते. नियमाने दिलेल्या दयेचा हा दुसरा गुण पहिल्याहून कमी नाही.

परंतु नियम चांगला असून भागत नाही. तो पाळला जातो की नाही हे पाहणारा डोळा लागतो. वार्षिक सभेचे दृश्य वाचकांपैकी पुष्कळांच्या परिचयाचे असेल. ठरलेल्या वेळी गणसंख्या भरत नाही. सभा अर्धा तास तहकूब होते. अर्ध्या तासाने तीच दहा-बारा माणसे त्याच सतरंजीवर बसतात, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसल्यामुळे ताळेबंद टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. चहा होतो. बाहेर पडताना ज्या शेकडो सभासदांनी पाऊल टाकले नाही तेच पुढे वर्षभर “तेथे सगळे खातात” असे सांगत फिरतात. जो मनुष्य आपल्या दुकानाचा ताळेबंद वर्षातून एकदा पाहावयास जात नाही, त्याचे आणि उधारीने मान खाली घातलेल्या गिऱ्हाइकाचे अंतर फारसे नाही. एकाने तागडीकडे पाहण्याचा अधिकार गहाण टाकला, दुसऱ्याने तो आळसाने टाकून दिला.

जेथे हा डोळा जागा राहिला तेथे भागीचे घोडे जगलेले आहे. 1975 मध्ये मुंबईत ग्राहक पंचायतीने वेगळाच मार्ग धरला. तिने दुकान न मांडता शेजारची काही कुटुंबे एकत्र करून त्यांचे संघ केले. महिन्याची यादी संघाने द्यावयाची, एकत्र खरेदी झालेला माल संघातील एखाद्याच्या घरी उतरावयाचा, आणि घराघरांत वाटप करण्याचे काम सभासदांनीच करावयाचे. ज्याच्या हातून माल मोजला जातो त्याला वजनाविषयी संशय घेण्यास जागाच उरत नाही. अलीकडच्या काळात गावोगावी चालणाऱ्या स्त्रियांच्या बचत गटांतही हेच पाहावयास मिळते. दहा-पंधरा जणी महिन्याच्या ठरलेल्या दिवशी गोल बसतात, पैसे सर्वांसमोर मोजले जातात, कर्ज कोणाला आणि कशासाठी हे सर्वांसमोर ठरते. जी बाई भांडाराच्या पायऱ्या उतरून समोर गेली तिच्या लेकीसुनांनी स्वतःच्या वहीत भाद्रपदाला जागा करून घेतली आहे. अर्थात अशा गटांतही भांडणे होतात, आणि कित्येक मोडतातही. परंतु मोडले तर का मोडले हे प्रत्येकीला ठाऊक असते, आणि त्या ज्ञानावर दुसरा उभा राहू शकतो.

येथे कोणी म्हणेल की, आता या चर्चेचा उपयोग काय? मोठमोठ्या व्यापारी साखळ्यांची दुकाने जिल्ह्याच्या गावी आली आहेत. फोनवर बोट ठेवले की सामान दारात येते. भाव छापील, वजन सीलबंद, माल निवडलेला. रॉचडेलकरांनी ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते सारे बाजारानेच दिले. 1986 च्या आणि मागाहून 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दाद मागण्याची सोयही केली. हा आक्षेप बिनतोड नसला तरी वजनदार आहे, आणि सहकाराचे गोडवे गाणाऱ्यांनी तो टाळू नये. निर्भेळ डाळ खासगी दुकानात स्वस्त मिळत असेल तर केवळ निष्ठेपोटी महाग डाळ घ्या, असा उपदेश गरीब गृहिणीला करण्याचा अधिकार कोणालाही नाही. भांडार टिकावयाचे असेल तर त्याने आधी चांगले दुकान झाले पाहिजे.

तथापि कायद्याने जो अधिकार दिला आहे तो ग्राहकाचा आहे, धन्याचा नव्हे. ग्राहकाला तक्रार करता येते. ठरविता येत नाही. भाव काय असावा, नफा कोठे जावा, नडलेल्याला थांबावे की नाही, यांतील एकही गोष्ट त्या झगझगीत दुकानात त्याला विचारली जात नाही. तेथे भाद्रपदातली विधवा येतच नाही, म्हणून तिला परत पाठविण्याचा प्रश्नही येत नाही. ज्या दुकानात तो प्रश्न निदान उभा तरी राहिला, एका भल्या मनुष्याला खाली पाहावयास लागले, आणि पाहणाऱ्यांना आपल्या नियमांची लाज वाटली, ते दुकान अपुरे होते, परंतु ते नीतीच्या वाटेवर होते. चारचौघांचा पैसा हाती असताना कसे वागावे, आपल्या माणसाला नाही कसे म्हणावे, परक्याला हो कसे म्हणावे, हिशेब कसा मागावा आणि मागितला असता न रागावता कसा द्यावा, हे शिकण्याची जागा गावात कोठेतरी असावी लागते. ती किराण्याच्या दुकानात नसेल तर शाळेच्या समितीत, पाणीपुरवठ्याच्या मंडळीत, बचत गटात असावी. ती कोठेच नसेल तर मोठ्या राज्यकारभारात आपण तो गुण एकाएकी दाखवू, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

म्हणून आरंभी विचारलेल्या प्रश्नाला आमचे उत्तर असे की, ती म्हण नियम सांगत नाही, खोड सांगते. आणि ती खोड घोडा भागीचा असण्याने जडत नाही, तर स्वारीची पाळी ठरविली आणि खराऱ्याची ठरविली नाही यामुळे जडते. संयुक्त राष्ट्रांनी 2025 हे वर्ष सहकाराचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्यानिमित्ताने व्याख्याने पुष्कळ झाली. वाचकांपैकी बहुतेकांच्या कपाटात कोणत्या ना कोणत्या सहकारी संस्थेचा, पतपेढीचा, गृहनिर्माण मंडळीचा भागदाखला पडलेला असेल. त्या संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस येते, आणि बहुधा न उघडता रद्दीत जाते. ती उघडावी, सभेच्या ठरलेल्या वेळी जाऊन बसावे, ताळेबंदातील येणे बाकीचा रकाना वाचावा, आणि त्यात कोणाची नावे आहेत ते उभे राहून विचारावे. विचारणाऱ्याकडे चार जण वळून पाहतील. पुढल्या वर्षी त्या चौघांतील एखादा त्याच्या शेजारी येऊन बसेल.